खोक्यावरची बाई

धुरपदाबाईचा चेहरा अर्ध्या हिंदुस्थानात पोचला होता आणि सुरतेच्या डिंडोलीतल्या तिच्या स्वतःच्या गल्लीत मात्र ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. नागपूर, इंदूर, पाटणा, कुठल्या कुठल्या शहरांतल्या दुकानांत ‘रूपमंजिरी’ साडीचं खोकं गिऱ्हाइकापुढे आलं, की झाकणावर ती असायची. मान किंचित वळलेली, केस उंच बांधलेले, कानांत मोत्यांचे झुबके, नजर कुठेतरी वर लागलेली, चंद्र उगवायची वाट बघत असल्यासारखी. फोटो मुळात काळा-पांढरा, त्यावर हातानं हलके रंग भरलेले, गालावर गुलाबी आणि साडीवर मोरपिशी. गिऱ्हाईक बाई आधी फोटोकडे बघायची, मग साडीकडे, आणि ही नेसली की आपण अशाच दिसू, या भाबड्या आशेनं खोकं काखोटीला मारून घरी जायची. सुरतेचा निम्मा धंदा त्या आशेवर चालतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर धुरपदा नवऱ्याबरोबर शिंदखेड्याकडून सुरतेला आली. नवरा आनंदा लूमवर लागला आणि ती रिंग रोडवरच्या मार्केटात, चंपकलाल शेठच्या दुकानी. काम काय, तर साडीचे लोंबते धागे कातरीनं कापायचे, घडी घालायची आणि खोक्यात भरायची. अशाच एका दिवशी शेठनं जशुभाई फोटोग्राफरला बोलावून घेतलं. त्याला खोक्यावर लावायला बाईचा फोटो हवा होता. मुंबईची मॉडेल परवडत नव्हती आणि घरच्या सुनांना खोक्यावर बसवायची त्याची तयारी नव्हती. दुसऱ्याच्या सुनेबद्दल त्याची काही हरकत नव्हती. जशुभाईंनी मांडी घालून बसलेल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली आणि इतर बायकांना कळू न देता शेठला हळूच धुरपदा दाखवली. हिचा गळा लांब आहे, म्हणाले, चेहऱ्याचं काय ते मी बघतो.

आनंदाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. सांगितलं असतं तर फोटो बाजूलाच, नोकरीही गेली असती. कामाच्या वेळातच ती शेजारी बसणाऱ्या पुष्पाबाईला बरोबर घेऊन भागळजवळच्या जशुभाईंच्या स्टुडिओत गेली. अरुंद जिना चढून वर मोठी खोली, भिंतीला टांगलेल्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा, आणि समोर तीन पायांवर उभी लाकडी पेटी, काळं फडकं पांघरलेली. जशुभाईंच्या बायकोनं तिला सजवलं. सैल ब्लाउज पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळला, केसांत गंगावन घातलं, ओठांना लाली लावून वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं, तोंडावर पावडरीचे थर दिले. पुष्पाबाईला मजा म्हणून जशुभाईंनी काळ्या फडक्याखाली डोकं घालू दिलं. आत काचेवर धुरपदा खाली डोकं वर पाय दिसत होती, आणि पुष्पाबाई फडक्याखालूनच हसत सुटली.

कपाळावरचं गोंदण मात्र पावडरीला बधेना. लहानपणी गोंदणारीनं सुईनं टोचलेली चंद्रकोर, तिच्याखाली एक ठिपका. खानदेशातल्या आमच्या बायांना त्याचा केवढा अभिमान. बाई सरणावर गेली तरी हा एक दागिना कुणी उतरवून घेऊ शकत नाही, असं म्हणत. पण मोत्यांच्या झुबक्यांशी त्या चंद्रकोरीचं काही जुळत नव्हतं. धुरपदानंच विचारलं, हे फोटोत दिसणार का? दिसू नये असंच तिला वाटत होतं. जशुभाई म्हणाले, काळजी सोड, पेन्सिलीनं घालवीन. फोटो कागदावर उतरण्याआधी फिल्मवर माणूस उलट्या रंगात उमटतो, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. त्या फिल्मवर टोकदार पेन्सिलीनं, डोळ्याला भिंग लावून, मोहरीहून बारीक टिंबं मारत बसायचं. जिथं टिंबं पडली तिथला डाग कागदावर उतरतच नाही. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं असं जायचं. त्या काळचे फोटोवाले माणसाला आधी बसवत आणि मग घडवत. आजच्या धगधगत्या रंगीत फोटोंपुढे ते जुने फोटो अजून जीवाला ओढ का लावतात, याचं अर्धं उत्तर त्या पेन्सिलीत आहे, आणि पेन्सिल खोटं बोलते हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणाचं काही अडत नव्हतं.

फोटोचा मोबदला म्हणून शेठनं एक रूपमंजिरी साडी दिली. ती घरी नेली असती तर कुठून आली हे सांगावं लागलं असतं, म्हणून धुरपदानं ती पुष्पाबाईला देऊन टाकली आणि कुणाला न सांगण्याची तिला गळ्याची शपथ घातली. पुष्पाबाईनं शपथ पाळली. पुढं ती गावी परतली आणि तिथंच वारली, आणि तिच्याबरोबर कामावरच्या बायकांतली एकुलती एक साक्षीदारही गेली.

छापून आलेलं लेबल पहिल्यांदा हातात पडलं तेव्हा धुरपदा कितीतरी वेळ कातर हातात धरून नुसती बसून राहिली. ही आपण आहोत यावर तिचाच विश्वास बसेना. बाजूच्या बायका म्हणाल्या, गं बाई, थोडी तुझ्यासारखीच दिसते, फक्त ही देखणी आहे. धुरपदा त्यांच्याबरोबर हसली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ती रोज सकाळी मांडी घालून बसली आणि स्वतःच्या तोंडावर झाकण लावत राहिली. कुणाला चोरून दारूचं सुख असतं, कुणाला तंबाखूचं. हिला हे होतं. मार्केटात मुकादम अंगावर ओरडला, घरी पाणी आलं नाही, पोराला ताप भरला, तरी खोक्यावर ती तशीच चंद्र उगवायची वाट बघत असायची, आणि हे गुपित आपल्या एकटीचं आहे याचा धुरपदाला आतल्या आत माज होता. तिच्या आयुष्यात माज करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, तेव्हा तो तिला शोभत होता असंच मी म्हणेन.

एकदा तर मोठी गंमत झाली, गंमत म्हणायची असेल तर. आनंदानं कुठूनसं एक लेबल पैदा केलं आणि दाढी करायच्या आरशाशेजारी भिंतीला खळीनं चिकटवलं. मग रोज सकाळी गालाला फेस लावता लावता तो त्या फोटोकडे बघायचा आणि चुलीपुढे बसलेल्या बायकोला ऐकवायचा, “इले म्हनतस बाई.” हिला म्हणतात बाई. धुरपदा भाकरी थापत राही. एक शब्द बोलली असती तर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असतं, पण तो शब्द तिनं कधी उच्चारला नाही. लेबल धुरानं पिवळं होऊन गळून पडेपर्यंत आनंदा त्या बाईवर लट्टू होता, आणि ती बाई त्याचीच भाकरी थापत होती हे न कळताच तो चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला.

आपल्याकडे माणूस मेला की त्याला फार लवकर देवपण येतं. आनंदाचा फोटो मोठा होऊन, हार लेऊन, भिंतीवर चढला आणि त्याच्याबरोबर आनंदाही चढला. धुरपदाबाईनं त्याला इतकं घासूनपुसून स्वच्छ केलं की वर्षभरात तो संत झाला. शब्दानं शब्द वाढवला नाही, कधी आवाज चढवला नाही, पगार आणून हातात ठेवला, असं ती ज्याला त्याला सांगू लागली. सांगता सांगता तिलाही ते खरं वाटू लागलं.

हे सगळं सर्वांत जास्त ऐकावं लागे ते सुनेला. मुलगा प्रदीप पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगाच्या खात्यात होता. कढत वाफेत आणि उग्र वासात शिफ्ट काढून घरी आला की त्याचं डोकं ठिकाणावर नसे आणि हात फार चटकन उठे. सून जयश्री नंदुरबारची, दहावीपर्यंत शिकलेली, घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम करणारी. तिचा गाल सुजला की धुरपदाबाई तिला हळद लावून द्यायची आणि लावता लावता समजावायची. तुझ्या सासऱ्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. का उचलला नाही? मी तशी वेळच येऊ दिली नाही. पुरुषाचं मन ओळखून राहिलं की सगळं नीट होतं, तू आपली उत्तरं देतेस. जयश्री हळद लावून घ्यायची आणि पुन्हा खडे चिकटवायला बसायची. आपल्या सासूला जमलं ते आपल्याला जमत नाही, असं तिला खरोखर वाटत असे. तीन वर्षं तिनं पुरुषाचं मन ओळखायचा अभ्यास केला आणि तीन वर्षं ती नापास होत राहिली.

शहाण्णव साली शेठचा मुलगा चेतनभाई गादीवर आला. त्यानं पहिल्याच महिन्यात जुनं लेबल बंद केलं. आता मुंबईहून रंगीत फोटो येणार होते, चकचकीत कागदावर, बागेत उभ्या असलेल्या, दात दाखवून हसणाऱ्या मुलींचे. उरलेल्या रूपमंजिरी लेबलांचे गठ्ठे रद्दीत निघाले. धुरपदाबाईनं मुकादमाला विचारून एक छोटी चळत पिशवीत टाकली. त्या संध्याकाळी घराकडे येताना तिला पहिल्यांदाच भीती वाटली. इतकी वर्षं बाई खोक्यावर होती तोवर सांगितलं नाही तरी चालत होतं. आता ती कुठेच राहणार नव्हती, आणि मग ती कधी होती की नव्हती, हे कुणी सांगायचं?

घरी आल्यावर तिनं एक लेबल जयश्रीच्या पुढ्यात ठेवलं आणि कोण ते ओळख म्हणाली. जयश्रीनं दोन-तीन जुन्या नट्यांची नावं घेतली. शेवटी धुरपदाबाईनं सांगून टाकलं. जयश्रीनं लेबलाकडे पाहिलं, सासूच्या पुढच्या पडलेल्या दाताच्या फटीकडे पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसतच ती म्हणाली, “मंग गोंदन कोठे गयं?” धुरपदाबाईनं पेन्सिलीचं सांगितलं. पेन्सिलीनं गोंदण जातं हे ऐकून जयश्री आणखीच हसली. त्या घरात तिच्या वाट्याला हसण्याचे प्रसंग थोडे, त्यामुळे तिचा तरी काय दोष. दुसऱ्या दिवशी तिनं ही गंमत नळावर सांगितली, आणि तिसऱ्या दिवसापासून धुरपदाबाई कळशी घेऊन आली की बायका बाजूला सरून वाट देऊ लागल्या. काय हिरोईन, पानी भराले उनात का? पाणी भरायला आलात का?

धुरपदाबाई चिडली नाही. चिडली असती तर लोक विसरले असते. तिला ते आत जाऊन लागलं. आयुष्यभर जपलेला एकुलता एक दागिना चार जणींना दाखवायला काढावा आणि त्यांनी पितळ म्हणून परत करावा, तसं तिला झालं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. जयश्रीला पटलं पाहिजे. नळावरच्या बायका गेल्या खड्ड्यात, पण जी आपल्या हातची हळद लावून घेते तिनं तरी आपल्याला खोटं समजू नये.

एका रविवारी ती जशुभाईंना शोधत भागळला गेली. स्टुडिओ होता, पण खाली. दर्शनी भागात जशुभाईंचा पुतण्या फ्लॅश मारून पासपोर्टचे फोटो काढत होता आणि गिऱ्हाइकाला चहा प्यायला पाठवून तेवढ्यात हातात देत होता. जशुभाई वरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले, डोळ्यांवर जाड भिंगं, हाताला कंप. भिंतीवर त्यांचे जुने फोटो तसेच होते. कापडदलालांचे राजपुत्र झालेले, शाळामास्तरणींच्या अप्सरा झालेल्या, अर्ध्या तोंडावर उजेड आणि अर्ध्यावर सावली. आता असा फोटो कुणी मागत नाही, म्हणाले. लोकांना आपण जसे आहोत तसेच दिसायची घाई झाली आहे.

धुरपदाबाईनं पिशवीतून लेबल काढून पुढं धरलं आणि ही मी, असं म्हटलं. जशुभाईंनी लेबलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. मग त्यांनी काठी टेकत उठून कोपऱ्यातला उंच दिवा लावला, तिला स्टुलावर बसवलं आणि पूर्वीच्याच सुरात सांगितलं, “नजर बत्ती सामे, बेन. हसवानुं नहीं.” नजर दिव्याकडे, हसायचं नाही. तिनं मान वळवली. कशी वळवायची हे तिला सांगावं लागलं नाही, मानेला ते ठाऊक होतं. जशुभाई बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हां, रूपमंजिरी. धुरपदाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, आणि तिला वाटलं की आता मरण आलं तरी चालेल.

पण सुरतेतल्या एका म्हाताऱ्यानं ओळखलं म्हणून डिंडोलीच्या नळावर काय फरक पडणार? तिनं सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, ते गोंदण परत आणता येईल का? जशुभाईंनी कपाटातून फिल्म शोधून काढली. इतक्या वर्षांत त्यांनी एकही टाकली नव्हती. फिल्म दिव्यापुढे धरून, भिंग लावून, ते ती पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फिल्म खाली ठेवली. गोंदण येईल, म्हणाले. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पेन्सिल निघते. पण बेन, माझा हात आता स्थिर नाही, पुसायचं तर सगळंच पुसलं जाईल. त्या दिवशी मी तुझ्या चेहऱ्यावर पुष्कळ काम केलं होतं. जे जे झाकलं ते सगळं परत येईल. त्यापेक्षा आहे तशीच सुंदर आहेस, तशीच घेऊन जा, आणि हवं तर मी सुनेला दोन शब्द लिहून देतो.

धुरपदाबाईला यात आडकाठी दिसली नाही. गोंदण आलं तर झालं. बाकी काय येणार, एखादी पुटकुळी, उन्हानं रापलेली कातडी. ती पुसाच म्हणाली. जशुभाईंनी पुन्हा एकदा विचारलं. तिनं हात जोडले. मग त्यांनी बोळा घेतला आणि स्वतःचं काम स्वतःच्या हातानं पुसून काढलं. ते करताना त्यांचे ओठ आवळलेले होते. खाली जाऊन त्यांनी पुतण्याकडून मोठा फोटो काढवून आणला आणि पाकिटात घालून तिला दिला. देताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जिन्याखाली उजेडात येऊन तिनं फोटो बाहेर काढला. आयुष्यभर धागे कापून तिचे डोळे कामातून गेले होते, हातभर अंतरावरचं तिला धूसर दिसे. पण चंद्रकोर कुठे असणार हे तिला माहीत होतं, आणि ती तिथं होती. खाली ठिपकाही होता. एवढं बघून तिचं समाधान झालं. परतताना उधण्यापर्यंतच्या रिक्षात तिनं पाकीट छातीशी धरलं होतं आणि ती मनातल्या मनात नळावरच्या एकेकीचा समाचार घेत होती.

ती थेट नळावरच गेली. दुपारचं पाणी नुकतंच सुटलं होतं, बायका गोळा झालेल्या, जयश्रीही बादली लावून उभी होती. धुरपदाबाईनं कुणालाही काही न सांगता फोटो सुनेच्या हातात दिला. बायका हातातलं टाकून भोवती जमल्या. फोटो हातोहात फिरला आणि कुजबुज सुरू झाली. चंद्रकोर, ठिपका, तोच गळा, तीच हनुवटी. गल्लीतल्या धुडकूची म्हातारी आई, जी धुरपदाबाईला जुन्या दिवसांपासून ओळखत होती, तिनं तर कपाळावर हात मारून घेतला आणि ही धुरपदाच, दुसरी कुणी नाही, असा निकाल दिला. ज्या हिरोईन म्हणून चिडवत होत्या त्या आता खरोखरच्या कौतुकानं बघू लागल्या. धुरपदाबाई ताठ उभी होती. कित्येक वर्षांत ती इतकी ताठ उभी राहिली नव्हती.

फोटो फिरत फिरत जयश्रीकडे परत आला. तिनं तो जवळ धरून पाहिला, मग उजेडाकडे वळवून पाहिला. तिचं बोट चंद्रकोरीवर गेलंच नाही. ते डाव्या डोळ्याखाली, गालफडाच्या हाडावर जाऊन थांबलं.

“आत्या,” ती म्हणाली, “हाई काय शे?”

धुरपदाबाईला दिसेना. बायका वाकून बघू लागल्या. डोळ्याखालून गालापर्यंत काळसर डाग पसरला होता आणि त्याच्या कडेला बोटांच्या खुणा मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. पावडरीनं झाकलं नव्हतं ते पेन्सिलीनं झाकलं होतं, आणि आता पेन्सिल नव्हती. खालच्या पापणीचा भाग सुजलेला, त्यामुळे वर लागलेली ती नजरही आता चंद्राची वाट बघणारी वाटत नव्हती. ती नुसती सुजलेल्या डोळ्याची नजर होती.

पाय घसरून पडले होते, असं धुरपदाबाईच्या तोंडून निघून गेलं. विचार करायलाही वेळ लागला नाही, इतकं ते ओठांवर तयार होतं. आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की मागच्याच आठवड्यात याच नळावर, याच बायकांना जयश्रीनं हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. आजही कुणी बोललं नाही. बादली भरून पाणी वाहू लागलं तरी कुणी ती सरकवली नाही.

जयश्रीच्या स्वतःच्या गालावरचा डाग अजून पुरता गेला नव्हता, हिरवट-पिवळा पडला होता. तिनं फोटो सासूच्या हातात परत दिला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धुरपदाबाईला काही बोलता आलं असतं.

“आते माले पटनं,” ती म्हणाली. “हाई तुम्हीच शेतस.”

आता पटलं, एवढं सांगून ती घरी गेली. धुरपदाबाई मागोमाग पोचेपर्यंत तिनं आपल्या लहानग्या पोरीचे कपडे एका पिशवीत कोंबले होते. खड्यांचं अर्धवट काम तिनं नीट घडी घालून दुकानदाराच्या नावानं बाजूला ठेवलं, पोरीला कडेवर घेतलं आणि नंदुरबारची गाडी धरायला उधण्याच्या स्टेशनाकडे निघाली. धुरपदाबाई दारात उभी होती. तिला थांब म्हणायचं होतं. पण थांबवायला तिच्याजवळ जे शब्द होते ते सगळे तिनं गेली तीन वर्षं हळदीबरोबर वापरून संपवले होते, आणि त्यांतला एकही आता चालणारा नव्हता. आपल्या सुनेला आपण काय काय शिकवलं हे तिला आठवू लागलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. तिनं सुनेला वाट दिली, एवढंच तिच्या हातून झालं. जाताना जयश्री तिच्या पाया पडली नाही.

संध्याकाळी प्रदीप शिफ्टवरून आला. हातांना निळा रंग, डोळे लाल. बायको कुठे म्हणून त्यानं विचारलं. माहेरी गेली, असं धुरपदाबाईनं सांगितलं. का म्हणून त्यानं विचारलं, आणि तू तिला काय बोललीस, हेही विचारलं. तिनं फोटो त्याच्यापुढे ठेवला आणि बोटानं ती जागा दाखवली. दिसत नव्हती तरी आता तिला जागा ठाऊक झाली होती. हा तुझ्या बापाचा हात, ती म्हणाली. एकदाचा नाही. हे वाक्य तिनं आजवर स्वतःलाही ऐकवलं नव्हतं. पोरगा आता तरी समजेल, फोटोत आपल्या आईकडे बघेल आणि आपले हात बघेल, अशी तिला आशा होती. भाबड्या आशेवर सुरतेत फक्त साड्याच खपतात, हे तिला अजून कळायचं होतं.

प्रदीपनं फोटो उचलला. निळी बोटं कागदाला लागू नयेत म्हणून कडेनं धरला. नीट पाहिला. त्याला आई ओळखू आली, डाग दिसला, बोटांच्या खुणाही दिसल्या. मग त्यानं मान वर केली. तो चिडलेला नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“आबानी उगाच नही मारं व्हई, माय,” तो म्हणाला. “तू काय करेल व्हतं?”

धुरपदाबाईला दिव्यांची धग आठवत होती, पाठीला टोचणारे चिमटे आठवत होते, ओठांवरच्या व्हॅसलीनचा वास आठवत होता. त्या थपडेचं कारण मात्र काही केल्या आठवेना. भाकरी करपली होती की पाणी आणायला उशीर झाला होता, की आणखी काही. पोरगा फोटो हातात धरून उत्तराची वाट बघत उभा होता. ती भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि आपलं काय चुकलं होतं ते खरोखरच आठवू लागली.